रुमालाखालचं नाव

हिंगोलीत मला लोक ‘जिभेचा मास्तर’ म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते संपादकांनी छापू नये. एकदा एक बाई नवऱ्याचा हात धरून माझ्या खोलीवर आल्या. नवरा धट्टाकट्टा, तोंडात पान, नजर जमिनीवर. मी नेहमीचा प्रश्न विचारला, “कधीपासून बोलता येत नाही?”

“येत न्हाई कसं?” बाई म्हणाल्या. “सकाळपासून बोलूनच राहिलाय. बंद करायचं काही औषध हाय का तुमच्यापाशी?”

नवऱ्याने पान गालात सरकवलं आणि बायकोच्या माहेरापासून जे सुरू केलं ते दोघं उठून जाईपर्यंत थांबलं नाही. मी हात जोडले. माझा धंदा बोलतं करण्याचा. गप्प करण्याची विद्या मला आली असती तर आज माझा दुमजली बंगला असता.

संपादक लिहितात, लढाईमुळे कागद महाग झाला आहे, तेव्हा थोडक्यात आटपा. नाटकातल्या माणसाला ‘थोडक्यात’ सांगणं म्हणजे पेटीवाल्याला भाता न हलवता वाजव म्हणण्यासारखं आहे. तरी प्रयत्न करतो.

मी मूळचा नाटक कंपनीतला तालीम मास्तर. तालीम मास्तर म्हणजे नटांकडून भाषणं घोकून घेणारा, प्रयोगाच्या वेळी पडद्याआड पोथी धरून बसणारा आणि नट अडखळला की त्याच्याआधी शिव्या खाणारा माणूस. बोलपट आले, आमचे प्रेक्षक तिकडे गेले. फिरत फिरत आम्ही हिंगोलीला आलो. रेल्वेचा रूळ इथे संपतो, आमची कंपनीही इथेच संपली. मालक कपड्यांच्या पेट्या घेऊन परतले. मी राहिलो, कारण आमचे राजे आजारी होते.

राजे म्हणजे राजाच्या भूमिका करणारे आमचे नट. त्यांना अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, पाय सुधारला, तोंड सरळ झालं, पण बोलणं येईना. मी त्यांच्याकडून एकेक शब्द तालमीसारखा बसवून घेतला. घरी जाण्याइतके ते बोलू लागले आणि गेले. हे सगळं गावातले एक म्हातारे हकीमसाहेब शेजारच्या ओसरीवरून पाहत होते. त्यांनी पुढे माझ्याकडे माणसं पाठवायला सुरुवात केली. अशी ही माझी दुसरी नोकरी. हिच्यात टाळ्या कमी, पण पडतात तेव्हा खऱ्या पडतात.

या आजाराची गंमत बाहेरच्या माणसाला लवकर कळत नाही. माणूस बहिरा नसतो, खुळा नसतो. जीभही लुळी नसते, ती पान चघळते, दातात अडकलेली सुपारी काढते. काय म्हणायचं ते त्याला पक्कं ठाऊक असतं. पण ते मुद्दाम म्हणायला गेलं की ओठ आणि जीभ यांना कुठे जायचं ते सापडत नाही. ‘भाकर’ म्हणायला तोंड उघडतो, निघतं ‘काभर’, मग ‘दाकर’, मग नुसतंच ‘आ’. दर वेळी नवी चूक. स्वतःची चूक स्वतःच्या कानाला ऐकू येत असते, म्हणून कपाळाला घाम फुटतो. आणि तोच माणूस ठेच लागली की ‘अगं आई गं’ स्वच्छ म्हणतो. ते आपोआप येतं. मुद्दाम आणायचं ते येत नाही. मग गाव म्हणतं, सोंग करतो.

काही मुलांमध्ये तर हा प्रकार जन्मापासून असतो. डोंगरकडा गावची एक चिमुरडी दर बाजाराच्या दिवशी माझ्याकडे यायची. डोळे असे की सगळं समजतं. मी माझ्या ओठांवर बोट ठेवून अक्षर काढायचो, मग तिच्या ओठांवर बोट ठेवायचो. ती हसत हसत दमायची. ‘आई’ आलं, ‘भूक’ आलं, ‘दे’ आलं, आणि एका बाजाराला ती आलीच नाही. मी निरोप धाडला. वडील स्वतः येऊन भेटले, नारळ देऊन गेले. म्हणाले, “लई झालं मास्तर. आई म्हनते, भूक लागली म्हनते. पोरीच्या जातीला आजून काय बोलायचं असतंय?”  तो नारळ मी फोडला नाही. ती मुलगी माझ्या मनातून गेलेली नाही.

पण आज मला सांगायची आहे ती इमामभाईंची गोष्ट.

इमामभाई कनेरगाव नाका या गावचे, बैलांचे दलाल. नाक्यापलीकडे वऱ्हाड प्रांत सुरू होतो, आणि अलीकडचे बैल पलीकडे व पलीकडचे अलीकडे आणण्यात त्यांची हयात गेली होती. रुंद छाती, मेंदी लावलेली दाढी, खांद्यावर मोठा लाल रुमाल. भर बाजारात त्यांना झटका आला. दोन महिन्यांनी ते माझ्या दारात उभे राहिले तेव्हा चालत आले होते, फक्त बोलत नव्हते. बोलत होत्या त्यांच्या बायको, हलिमाबी.

“मास्तर, आमचा माणूस गर्वाचा न्हाई, पर लोकं तसं म्हणून राहिले.”

“का?”

“सलाम करत न्हाई कुनाला.”

मी इमामभाईंकडे वळून म्हटलं, “सलाम आलेकुम.” ताबडतोब खणखणीत उत्तर आलं, “वालेकुम सलाम.” मग मी म्हटलं, “आता तुम्ही आधी करा.” झालं. ओठ हलले, जीभ कुठेतरी चाचपडली, मान ताठ झाली, गळ्याच्या शिरा दिसल्या. “म... ला... सम...” आणि हाताने ‘राहू द्या’.

उत्तर आपोआप यायचं. सुरुवात स्वतः करायची तर यायची नाही. त्यामुळे रस्त्यात ते समोरच्याने सलाम करण्याची वाट पाहत उभे राहायचे, आणि सगळा नाका म्हणायचा की इमामभाई आता नवाब झाले. धाकटा भाऊ रसूल तर म्हणायचा, “बैलाला हाकताना शिवी बराबर निघती. माझं नाव घ्यायला काहून निघत न्हाई? सोंग हाय हे.” तो दुष्ट नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

मी इमामभाईंना विचारलं, “काय बोलता यायला हवं?” हा प्रश्न मी सगळ्यांना विचारतो. कोणी ‘सगळं’ म्हणतो, त्याचं काम फार होत नाही. इमामभाईंनी हलिमाबींकडे बोट केलं आणि मग हाताने डोक्यावरून पदर घेतल्यासारखं केलं.

“लेकीचं म्हणून राहिलेत,” हलिमाबींनी उलगडा केला. “पोरीचं लगीन ठरलंय वाशीमला. निकाहात पोरीपाशी वकील जातो, दोन साक्षीदार घेऊन. तिला विचारतो, कबूल हाय का म्हणून. ह्यांना सोता जायचंय. रसूलभाई म्हणतात मी जातो, काय बिघडलं? तर हे ऐकूनच घेत न्हाईत.”

“मुलीचं नाव काय?”

“मेहरुन्निसा.”

मी कपाळाला हात लावला. अहो, तिचं नाव बानू ठेवलं असतं तर आमचं अर्धं काम पाळण्यातच झालं असतं. मी म्हटलं, “घरी काय म्हणता?”

“मेहरू.”

“मग ‘मेहरू’ म्हणूनच विचारा.”

इमामभाईंनी मान हलवली. अशी हलवली की पुन्हा विचारायची सोय नाही. निकाहात पुरं नाव लागतं.

लग्न पुढच्या हंगामात होतं. तोवर दर बाजाराच्या दिवशी ते माझ्याकडे येऊ लागले. माझी पद्धत अर्थातच नाटकातली. नटाला भाषण आठवत नसेल तर आधी हाताची हालचाल आठवायला सांगायची, हालचालीमागे शब्द येतो. तेच मी सगळ्यांना शिकवतो. इमामभाईंना ‘पाणी’ म्हणायला मी उजवा हात पुढे पसरायला शिकवलं, ‘या’ म्हणायला छातीवर हात, ‘नको’ म्हणायला मान मागे टाकून डावा पंजा. शब्द आले. पण हालचाल सोडली की शब्दही जाई. परिणाम असा झाला की हॉटेलात इमामभाई पाणी मागू लागले की शेजारची माणसं चहा सोडून बघत बसत. नाक्यावरून निरोप आला, “मास्तरांना म्हणावं, आमचा दलाल परत द्या, राजा न्हाई पाहिजे.” हलिमाबी मला म्हणाल्या, “काल कोंबडीला ‘या’ म्हणले. छातीवर हात ठेवून. कोंबडी पळाली.” आणि हे सांगताना इमामभाई स्वतः सगळ्यात जास्त हसत होते. तिथेच मी या माणसावर लट्टू झालो. आपल्या फजितीवर हसणारा माणूस शिकतो. लाजणारा घरी बसतो.

तालीम ते माझ्याकडेच नव्हे, सगळीकडे करत. रस्त्याने बैलांच्या मध्ये चालताना करत. रसूल मला एकदा म्हणाला, “मास्तर, आमचे बैल आता तुमचं सगळं नाटक म्हणत्याल.” आणि तरीही मेहरुन्निसा काही येईना. ‘मे’ यायचं, पुढे खड्डा. ‘मेरु’, ‘हेमरू’, ‘नेसा’. एवढ्या लांब नावाला कुठली हालचाल लावायची? मी तलवार उपसण्यापासून आशीर्वादापर्यंत सगळं करून पाहिलं.

एके दिवशी ते ठरल्या वेळी आले नाहीत म्हणून मी बैलबाजारात शोधायला गेलो. तिथे जे पाहिलं ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैलाचा भाव उघड बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात धरतात, वरून रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव सांगतात. कुठलं बोट, किती बोटं, कसं दाबलं, त्याची एक भाषा असते. भोवती पन्नास माणसं उभी असतात आणि कोणालाच काही कळत नाही. या कामाला तोंड लागतच नाही. म्हणून इमामभाई आजारी पडल्यावरही बाजारात येत होते आणि सौदे करत होते. रुमालाखाली ते पूर्वीइतकेच मोठे दलाल होते.

मी त्यांच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिलो. त्यांचा चेहरा निवांत होता. रुमाल हलत होता. आणि त्यांचे ओठही हलत होते. आत एक बोट दाबलं की ओठांवर त्या बोटाचा आकडा, हलकेच, कुजबुजत, पण स्वच्छ. न अडखळता.

माझ्या अंगावर काटा आला. नाटकवाल्याच्या अंगावर लवकर येतो, हे कबूल, पण हा खरा होता. एवढे दिवस मी त्यांना माझे हात उसने देत होतो, आणि त्यांच्या स्वतःच्या हाताला बोलण्याची वाट आधीच ठाऊक होती.

मला दम निघेना. सौदा संपताच मी त्यांचा हात धरला, त्यांच्याच खांद्यावरचा रुमाल वरून टाकला आणि नावाचे चार तुकडे पाडून एकेका बोटावर दाबू लागलो. “मेह. रुन्. नि. सा.” पुन्हा दाबलं. पुन्हा. इमामभाई डोळे मोठे करून माझ्याकडे पाहू लागले आणि मान जोरात हलवू लागले. मला वाटलं, पटलं. मी आनंदाने हात सोडला.

शेजारी पुसेगावचा एक शेतकरी आपली बैलजोडी घेऊन उभा होता. इमामभाई त्याचे दलाल. त्याने लगेच कासरा माझ्या हातात दिला.

“घ्या मास्तर. बिस्मिल्ला करा. लेकरासारखी सांभाळलीत.”

“काय?”

“हात सुटला की सौदा झाला. समद्यांनी पायलंय.”

भोवतीच्या माणसांनी माना डोलावल्या. बैल मला हुंगू लागला. माझ्याकडे एक खोली, एक पेटी आणि एक सतरंजी. बैल ठेवणार कुठे? मी म्हटलं, “अहो, मी भाव केलाच नाही.”

“मग बोटं काहून दाबली? तीबी चार-चारदा?” शेतकरी म्हणाला. “दलालानं केवढी मान हालवली, म्हंजी भाव लई चांगला असंल. आता मागं सरता व्हय?”

“जिभेचा मास्तर हाय तो,” कोणीतरी मागून म्हणालं, “आता बैलाला बोलाया शिकविन.”

हशा झाला, पण शेतकऱ्याचा चेहरा उतरला होता. त्याला वाटलं आपल्याशी थट्टा झाली. बाजारात हे चालत नाही. माझ्यामुळे इमामभाईंचा शब्द पडला असता, आणि त्यांच्यापाशी दुसरं काही उरलंच नव्हतं. ते पुढे झाले. शेतकऱ्याच्या खांद्यावर त्यांनी उजवा हात ठेवला. डावा हात त्यांच्या रुमालाखाली होता. मी पाहत होतो, रुमाल हलला. एकदा, आणि थांबला. पुन्हा हलला.

“मास्तर,” ते म्हणाले. “नाटक. करून. राहिला.”

 झटका आल्यानंतर इमामभाईंनी चार शब्द सलग कोणाला सांगितलेले कोणी ऐकले नव्हते. आणि त्यात ना पसरलेला हात होता, ना मागे टाकलेली मान. नुसती स्वतःची बोटं, स्वतःच्या रुमालाखाली. शेतकऱ्याने माझ्या हातातला कासरा काढून घेतला आणि इमामभाईंना म्हणाला, “तुमच्यासाठी सोडतो दलाल. हा मानूस पुन्हा बाजारात आनू नका.”

रसूल गर्दीत होता.  त्या दिवसानंतर ‘सोंग’ हा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नाही.

पुढचं काम सोपं होतं असं लिहायला मला आवडलं असतं. सोपं नव्हतं. बोट दाबलं की शब्द निघतो असं काही यंत्र नसतं. कधी ‘नि’ जागेवर यायचं नाही, कधी रुमाल घामाने ओला होईपर्यंत बसायचो. पण आता वाट सापडली होती, आणि ती त्यांची स्वतःची होती. मी मधूनमधून पोथी धरून बसणाऱ्या माणसासारखा नुसता बसून राहायचो. नाव आलं. मग नावाला प्रश्न जोडला. प्रश्न मी शक्य तितका आखूड करून घेतला. त्यांनी तेवढी सवलत दिली. नवऱ्या मुलाच्या नावावर मात्र आम्ही दोघंही खूश होतो. करीम. देवाने सासऱ्याची अडचण ओळखून ठेवलेलं नाव.

लग्नाच्या दिवशी मला मांडवात बायकांच्या खोलीच्या दाराला लागून बसवलं होतं. काजीसाहेब आले. वऱ्हाडी मंडळी आली. वकील कोण, असं काजींनी विचारलं. रसूल उठला.  रसूलने खाली वाकून थोरल्या भावाचा हात धरला, त्यांना उभं केलं आणि म्हणाला, “हे. मी साक्षीदार.”

दुसरा साक्षीदार धरून तिघं आत गेले. बायकांचा गलका थांबला. मधे फक्त एक पडदा होता, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं. शांतता लांबली. मी रंगभूमीवर मोठमोठे विराम पाहिले आहेत, स्वतः शिकवले आहेत, पण तसला विराम पुन्हा सोसायची माझी तयारी नाही. दुसरा साक्षीदार खाकरला. वऱ्हाडातला एक जण कुजबुजला, “नवरीच्या बापाला बोलता येत न्हाई म्हणे.” आतून हलिमाबींचा दबका आवाज आला, “कुनी मधी बोलू नका.”

मग आवाज आला. सावकाश, तुकड्यातुकड्यांनी, पण प्रत्येक तुकडा जागच्या जागी.

“मेहरुन्निसा. करीम से. निकाह. कबूल है?”

मांडवात मी एकटाच रडलो असेन. मी नाटकातला, मला माफ असतं.

आता मुलीने हो म्हणायचं. पण चांगल्या घरच्या मुली अशा वेळी बोलत नाहीत. मान खाली घालायची, गप्प राहायचं, त्या गप्प राहण्यालाच होकार समजतात. मेहरुन्निसाही तशीच गप्प राहिली. आतून एक म्हातारी म्हणाली, “राजी हाय, राजी हाय. मान हालवली.” दुसरा साक्षीदार म्हणाला, “हो गया, चलो बाहर.”

“न्हाई.” हे इमामभाई.

“अब काय रहा?”

पुन्हा विराम. या वेळी छोटा.

“मुँह से,” इमामभाई म्हणाले. “बोल. बेटी.”

बायकांत खळबळ झाली. कोणी म्हणालं, लाजून राहिली पोर, कशाला छळता. कोणी म्हणालं, अशी रीत न्हाई. म्हातारी पुन्हा म्हणाली, “मान हालवली ना, आमी पायली.” इमामभाई बाहेर आले नाहीत. ते माझ्याकडे कितीदा तरी मान हलवूनच बोलले होते, त्यांना मानेने हो म्हणणं म्हणजे काय ते पुरतं ठाऊक होतं. आपल्या लेकीच्या बाबतीत ते त्यांना चालणार नव्हतं.

आणि मग मुलगी बोलली. हळू नाही. बापाला ऐकू जावं एवढ्या आवाजात, आणि ते पडदा ओलांडून मांडवाच्या शेवटच्या टोकापर्यंत गेलं.

“कबूल है, अब्बा.”

तिघं बाहेर आले. काजीसाहेबांनी रिवाजाप्रमाणे साक्षीदारांना विचारलं, तुम्ही आपल्या कानांनी ऐकलं का? रसूल म्हणाला, “आमाला काय विचारता साहेब, घोड्यावाल्याला विचारा. त्यानंबी ऐकलंय.”

आता पाळी करीमची. पोरगा चांगला उंच, फेट्यात झाकलेला, आणि नवरीचा आवाज ऐकून कानापर्यंत लाल झालेला. काजींनी विचारलं. त्याचे ओठ हलले. काजींनी पुन्हा विचारलं. पुन्हा नुसते ओठ हलले. तिसऱ्यांदा घशातून काहीतरी निघालं ते काजींनाच कळलं असेल.

इमामभाई माझ्या शेजारी येऊन बसले होते. त्यांनी रुमाल डाव्या हातावर ओढला आणि माझ्या कानाशी वाकले.

“मास्तर,” ते म्हणाले. “जावई. तुमच्याकडं. धाडतो.”